आईच्या नावाचा स्कॅन

त्या सोमवारी उम्म साहेल, म्हणजे साहेलची आई, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती आणि तोंडाने थोरल्या लेकीला, रुदैनाला, दटावत होती. रुदैना इर्बिद शहरातल्या शाळेत गणित शिकवते. लग्न दीड महिन्यावर आलेलं, आणि वरच्या एका दाढेची जागा रिकामी. हसली की दिसे. सासरी कळायच्या आत तिथे इम्प्लांट बसवायचंच, असा आईचा हट्ट.

दाताच्या डॉक्टर लुबाबाबाईंनी स्कॅन बघून स्पष्ट सांगितलं होतं. दाढेच्या वर, सायनसमध्ये पाण्याने भरलेली गाठ आहे. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, पण ही मोठी आहे आणि खालचं हाड पातळ. इम्प्लांटसाठी हाड वाढवताना ती वर सरकली तर सायनसची वाट बंद होईल, पू होईल. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, दात नंतर काही महिन्यांनी.

काही महिने! उम्म साहेलच्या पायाखालची जमीनच सरकली. ‘मुलीच्या डोक्यात गाठ आहे’ असं गावभर होईल, धाकट्या दोघींचीही लग्नं अडतील. लेकीचं कुठलंच दुखणं बाहेर कळू नये म्हणून तिने स्कॅन आधीच स्वतःच्या नावावर काढून घेतला होता. आमच्याकडे हे सर्रास चालतं. दुखणं लेकीचं, कागद आईच्या नावाचा, आणि सगळे खूश. मला याची भयंकर चीड येते.

गुरुवारी ती लेकीला दुसऱ्याच दवाखान्यात घेऊन गेली. आधीचा काही स्कॅन आहे का, असं तिथल्या डॉक्टरने विचारलं. मुलीच्या नावाचा एकही नाही, असं आई म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. त्याने फक्त दाताचा छोटा एक्स-रे काढला, ज्यात वरची गाठ येतच नाही, मान डोलावली आणि बधिर करायची सुई भरली.

रुदैना खुर्चीतून उठून बसली. “थांबा, डॉक्टर. माझ्या सायनसमध्ये गाठ आहे. तो स्कॅन आईच्या नावावर आहे.”

“गप्प बस गं, घर बुडवशील,” आई कुजबुजली.

“आणि पू झाला तर तो कुणाच्या नावावर काढशील, आई?”

तिने तिथूनच होणाऱ्या सासूला, उम्म नायेफला, फोन लावला. दात नाही, गाठ आहे, उपचार होतील, लग्न लांबवावं लागेल, असं सगळं सांगून टाकलं. दुखतं का, असं सासूने विचारलं नाही.

“अजून कुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांना सांगणार आहे, खाला. सुरुवात तुमच्यापासून केली.”

फोन बंद झाला. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. रुदैनाने तिचा हात धरला आणि दोघी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाल्या.

लग्नाचं पुढे काय झालं, हे मला आतापर्यंत दहा जणांनी विचारलंय. गाठीचं काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.