एका खाटेवर दोन पाळ्या

मी खाट बोलतेय, सातिवलीच्या पत्र्याच्या शेडमधली. तुम्हाला बसा म्हणाले असते. पण आत्ता माझ्यावर दोघे बसलेत आणि दोघांनाही उठायची भीती वाटतेय.

माझा जन्म इथून जवळच्याच सांडोर गावचा. केळीच्या वाडीत सुताराने मला घडवलं, सुंभाने विणलं. वाडीच्या मालकीण डेल्फिनबाईंचा युजीन माझ्यावरच जन्मला. तो आयटीआय करून टर्नर झाला, लेथ चालवायला शिकला, तेव्हा घरच्यांना वाटलं, सातिवलीत एवढे कारखाने निघालेत, पोराला लगेच काम मिळेल. पण या शेडचा शेठ म्हणाला, "गाववाले नकोत. तुमचे सण फार. मला इथंच राहणारा माणूस पाहिजे." असा माणूस ठेवला की वेगळा राखणदार लागत नाही ना!

युजीनने काय करावं? मला डोक्यावर घेतलं आणि शेडच्या दारात आणून टाकलं. "घ्या शेठ, खाटेसकट आलो!"

शेठने त्याला आणि मला, दोघांनाही आत घेतलं. रात्री दाराला बाहेरून कुलूप लागतं, हे आम्हाला मग कळलं.

आत ज्ञानोबा होता, उस्मानाबादकडचा. दुष्काळात त्याच्या गावात निदान खडी फोडायचं सरकारी काम होतं. पाऊस पडला आणि तेही संपलं. तो दिवसपाळीला, युजीन रातपाळीला. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. माझी गोधडी कधी थंडच झाली नाही.

"युज्या, उशीला बोंबलाचा वास मारतोय रे!"

"आणि तुझ्या तंबाखूने माझी आई मला ओळखायची नाय!"

त्र्याऐंशी सालचा नाताळ आला. युजीनने रजा मागितली, तर शेठने गेटबाहेर कामासाठी ताटकळणारी माणसं दाखवली. ज्ञानोबा म्हणाला, "कुलूप लागायच्या आत जा की लेका. आई वाट बघत आसंल. तुझी पाळी मी वढतो."

त्या रात्री मी पहिल्यांदाच रिकामी होते. समोर ज्ञानोबा डुलक्या आवरत लेथवर उभा होता. कसला आराम मिळणार मला?

सकाळी युजीन नेवऱ्यांचा, म्हणजे नाताळच्या करंज्यांचा, डबा घेऊन आला. त्याच्यामागोमाग शेठ. त्याने तयार माल पाहिला. दोन्ही पाळ्यांचा माल पुरा होता. तो रागावला नाही, हसला.

"एकाला जमतंय, मग दोघे कशाला? कोण जातो ते तुम्हीच ठरवा. चहा पिऊन येतो."

तेव्हापासून दोघे बसलेत. डबा तसाच आहे.

"तू थांब," युजीन म्हणाला. "माझं घर तरी इथं हाय."

"घर हाय. काम हाय का?"

"नाय. तुझ्या गावात?"

ज्ञानोबाने नाही अशी मान हलवली.

अहो कारखाने काढणाऱ्या शहाण्यांनो, सगळे कारखाने एकाच पट्ट्यात का कोंबता? ज्ञानोबाच्या गावाजवळ अशी एक शेड उभी राहिली असती, तर तो इतक्या लांब कशाला आला असता? आणि इथे कामं आली, तरी इथल्याच पोराला दारातून परत का पाठवता?

शेठची पावलं वाजतायत. मी लाकडाची, मला कोण विचारतं! तरी सांगते, पोरांनो, उठू नका. आज एक उठला, तर उद्या दुसऱ्यालाही असंच उठवतील.