भोकशास्त्र्याचा पडदा

खात्याच्या परीक्षेची बायकोची ही शेवटची खेप होती. यानंतर वय आडवं येणार होतं. घरात अभ्यास होईना म्हणून ती बॅग भरून धाकट्या बहिणीकडे निघाली. "तुझ्या खोलीकडून सारखी घरघर येते," एवढंच म्हणाली.

मेहुणीने ज्याचं नाव 'भोकशास्त्री' ठेवलं होतं, त्या नवऱ्याला एवढं पुरे झालं. त्याची सगळी विद्वत्ता भोकांत होती. साधं प्लास्टिक घ्यायचं, त्यात नेमक्या मापाच्या पोकळ्या आणि त्यांना अरुंद तोंडं ठेवायची, की जो सूर अडवायला हातभर जाड भिंत लागावी, तो बोटभर जाडीचा पडदा गिळून टाकतो. करामत प्लास्टिकची नाही, रचनेची, हे तो लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला ऐकवी. घरात मात्र त्या भोकांचा वीस वर्षांत कवडीचा उपयोग झाला नव्हता.

"आठ दिवस थांब," तो म्हणाला.

त्याच्या खिडकीखाली इमारतीचा पाण्याचा पंप होता. गुन्हेगार सापडला. त्याने तिच्या टेबलावर ध्वनिमापक ठेवला आणि रोज संध्याकाळी आपल्या खोलीत काम करता करता फोनवर त्याचे आकडे तपासले. जो सूर सगळ्यात ठळक, त्याच मापाच्या पोकळ्या केल्या आणि दोन खोल्यांमधल्या लाकडी भिंतीवर पडदा ठोकला.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत तिच्या खोलीत येऊन बसला. पंप सुरू झाला. घरघर जशीच्या तशी.

"नाही जमलं," तो पडेल आवाजात म्हणाला. "तू जा बहिणीकडे."

"पंपाचं काय घेऊन बसलास? आवाज गेला की कालच."

"कुठला?"

"तुझा. काम करताना एका सुरात हूं हूं करतोस तो. मी तर फोन करून धाकटीला सांगितलं, स्वतःचा दोष ओळखून स्वतःलाच अडवणारा नवरा कुणाला मिळतो?"

हे श्रेय गुपचूप खिशात घालायचा मोह त्याला झाला. पण मापकाने टिपलेला ठळक सूर आपलाच होता, हे कळून कान लाल झाले होते.

"मी पंप अडवत होतो," तो म्हणाला. "तू मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर आवाज म्हणजे काय, हे तू मला तासभर समजावलं असतंस."

त्याला फार लागलं, कारण ते खरं होतं. यावर त्याच्याकडे तीन मुद्दे होते. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. भाषण येत नाही, हे पाहून तिने बॅगेतली पुस्तकं काढून टेबलावर मांडली.