मुंगीचा मुख्य विषय

चष्मेवाल्याने आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारला होता. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एक भिंग सरकवायचे, मग दुसरे, आणि विचारायचे, "आधीचं बरं होतं की हे?" उत्तर गिऱ्हाइकाने द्यायचे. दुसऱ्याला काय दिसते ते आपल्याला कसे कळणार? धंद्यात ही रीत फार चांगली. पण घरातही तो तेच करी. भिंतींना रंग कोणता द्यायचा, दिवाणखान्यात कपाट कुठे ठेवायचे, काहीही विचारले की उलट विचारी, "तुम्हाला काय बरं वाटतं?" त्याची बायको म्हणे, "यांनी मला पसंत केलं की मलाच यांना पसंत करायला लावलं, हे मला अजून कळलेलं नाही."

आता मात्र त्याच्या मुलीला उत्तर हवे होते, आणि ते त्याच्याकडूनच हवे होते.

मुलीला सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती तासन् तास जमिनीवर पालथी पडून मुंग्या, शेवाळ, भिंतीच्या फटीतले गवत असले काहीबाही बघत बसे, म्हणून ते नाव पडले आणि वीस वर्षांची झाली तरी चिकटून राहिले. गावातल्या कॉलेजात पहिली दोनच वर्षे शिकवत. पुढे दुसऱ्या कॉलेजात जावे लागे, आणि जाताना एक मुख्य विषय पक्का करावा लागे. मुंगीची ती दोन वर्षे मायक्रोस्कोपला डोळा लावूनच गेली होती. देठाचा पातळ काप काढायचा, काचेवर ठेवायचा आणि जेवायचे विसरून जायचे. तेव्हा ती वनस्पतिशास्त्र घेणार आणि त्यासाठी दिवसभराच्या प्रवासावरच्या मोठ्या कॉलेजात जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते.

मग हिवाळ्यात एका संध्याकाळी ती रस्त्याकडेच्या उघड्या गटारात पडली. रोजचा रस्ता, रोजचे गटार. गुडघा बरा झाला, पण हाडाच्या डॉक्टरने विचारले की दिसले कसे नाही, आणि तिथून गाडी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. औषध नाही. नजर हळूहळू कमी होत जाणार. कोणाची दहा वर्षांत जाते, कोणाची तीस वर्षे टिकते.

चष्मेवाल्याला सगळ्यात लागले ते वेगळेच. मुंगीला त्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची अगदी शेवटची, किड्यामुंग्यांएवढी ओळ वाचता येई. गिऱ्हाइकांना तो कौतुकाने सांगे, "आमच्या पोरीला घरचाच चष्मा लागत नाही, दुकान बुडवणार ती." आणि तीच पोरगी घरात कोपराने पेले पाडी, दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेई, तेव्हा तो म्हणे, "काय धांदरट आहे, जरा बघून चाल की."

निदान झाल्यापासून घरातली भाषा जपून चालू लागली. डोळ्यांशिवाय आपल्याला धड दोन वाक्ये बोलता येत नाहीत, हे घरच्यांना तेव्हा कळले. आई "डोळ्यांत तेल घालून..." म्हणायची आणि अर्ध्यावर थांबायची. एकदा दूध उतू गेले तेव्हा ती "मेले माझे..." म्हणून थबकली आणि "लक्षच नव्हतं" असे वाक्य संपवले. मुंगी म्हणाली, "आई, डोळे फुटले होते का म्हण, मला काही होत नाही." आईने भांडे घासायला घेतले, ते बराच वेळ घासत राहिली.

मुख्य विषय कळवायला आठवडा उरला तेव्हा आत्या आली. आत्या शेजारच्या शहरात कोर्टात टंकलेखनिक होती, आणि तिची मते नेहमी निकालासारखी टाइप करून तयार असत.

"वकिली कर," तिने चप्पल काढता काढताच सांगितले. "माझ्याकडे राहा. कॉलेज माझ्या घरासमोर. कोर्टात कान आणि तोंड लागतं. तोंडाचं तुला कोणी शिकवायला नको."

"मला कायदा आवडत नाही, आत्या."

"कोणाला आवडतो? मी रोज टाइप करते तो. आवडीचं काय घेऊन बसलीस? जे शेवटपर्यंत पुरेल ते घ्यावं माणसाने. आणि न्यायदेवतेच्या डोळ्यांवर तर पट्टी..."

आईने खिडकी लावायला म्हणून पाठ वळवली. हसली ती एकटी मुंगी, पण ते हसू फार टिकले नाही.

"वन्सं बोलतात ते वाईट वाटलं तरी खोटं नाही," आई खिडकीशीच उभी राहून म्हणाली. "जो विषय डोळ्यांवर चालतो तोच घ्यायचा, आणि उद्या..." तिने खिडकीची कडी सारली. "निदान जवळ तर राहशील."

"बाबा काय म्हणतात?" मुंगीने विचारले.

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिले. तो फ्रेमचा बारीक स्क्रू आवळत बसला होता. "तुला काय बरं वाटतं?" तो म्हणाला.

"आला का," आत्या म्हणाली. "लहानपणापासून असाच. खेळात राज्य कोणावर, हेसुद्धा हा दुसऱ्याला विचारायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हते तेव्हा मुंगी आली आणि सरळ तपासणीच्या खुर्चीत बसली.

"नंबर काढायचाय?" त्याने चेष्टेने विचारले.

"नाही. आज मी गिऱ्हाईक आहे, आणि आज तुम्ही सांगायचं. मला काय वाटतं ते विचारायचं नाही. मला वनस्पतिशास्त्र वाटतं, ते सगळ्या आळीला माहीत आहे. तुम्हाला डोळ्यांतलं कळतं. घेऊ की नको?"

"डॉक्टरांना जास्त कळतं."

"डॉक्टर बोलले तेव्हा मी 'औषध नाही' एवढंच ऐकलं. पुढचं ऐकलं असेल तर तुम्ही."

खरेच त्याने ऐकले होते. त्या दिवसापासून ते तो मनात घेऊन फिरत होता. त्याने हातातला फडका खाली ठेवला, पुन्हा उचलला, एक स्वच्छ भिंग पुन्हा पुसले.

"डोळ्याची सगळी नजर एकदम जात नाही," तो शेवटी म्हणाला. "आधी कडेची जाते. बाजूचं माणूस, पायाजवळची पायरी, शेजारून येणारी गाडी. अंधारात आधीच कमी दिसायला लागतं. मधली नजर सगळ्यात शेवटी. म्हणून तर तुला तो तक्ता अजून वाचता येतो. मीही त्यालाच फसलो." त्याने भिंग उजेडात धरले. "मायक्रोस्कोपमध्ये काय असतं? मधोमध एक गोल उजेड. तेवढंच बघायचं असतं. तुझ्याजवळ जे सगळ्यात जास्त दिवस राहणार आहे, त्याच्यावरच तुझा विषय चालतो."

मुंगीने खुर्चीतच मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

"हे तुम्हाला हिवाळ्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग काल आत्यासमोर का नाही बोललात?"

"ही चांगली बाजू सांगायची तर दुसरीही सांगावी लागते. तुझं काम होईल, पण कामापर्यंत चालत जाणं अवघड होत जाईल. रस्ते, जिने, संध्याकाळ. इथे तुला दगड न् दगड माहीत आहे. तिथे..." त्याने फडक्याची घडी घातली. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं, मुंगे. पण ते डोळ्यांबद्दलचं मत नाही. माझ्या भीतीचं आहे. ते यात धरू नकोस."

"धरणार," मुंगी म्हणाली. "तेही धरणार. पहिल्यांदाच तर काही सांगितलंत."

आईने एकच अट घातली, की आधी जागा बघून या. तेव्हा बापलेक दिवसभराचा प्रवास करून त्या शहरात गेले, एका स्वस्त लॉजवर मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचले. जुन्या दगडी इमारती, मध्ये झाडे, आणि एका इमारतीतून दुसरीत जायला उंचसखल वाटा. चष्मेवाला झाडे बघतच नव्हता. त्याची नजर जमिनीवरून हलेना: इथे पायरी, इथे मुळी वर आलेली, इथे दिवा नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई ठेंगण्या, गळ्यात दोरीला चष्मा बांधलेल्या. त्यांनी फार चौकशी केली नाही. एक काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाल्या, "सांग."

मुंगी वाकली. चष्मेवाल्याने तिला असे वाकलेले लहानपणापासून पाहिले होते, आधी जमिनीवर, मग या यंत्रावर. तिचे खांदे सैल झाले. गेले कित्येक महिने ते सैल झालेले त्याला आठवत नव्हते.

"मूळ आहे. पाण्यात वाढणाऱ्या कशाचं तरी. हवेच्या पोकळ्या केवढ्या मोठ्या आहेत."

"कुणी शिकवलं?"

"इथे दिसतंय की."

बाई हसल्या आणि दुसरी काच काढली. मग तिसरी. दिवे लागायची वेळ होईपर्यंत दोघींचे तेच चालले होते. मुंगीने डोळ्यांबद्दल बाईंना अवाक्षर सांगितले नाही. चष्मेवाल्याच्या ओठांवर दोनदा आले, त्याने गिळले. हे सांगायचे ते तिने, असे त्याने ठरवले होते, आणि ठरवल्याचा त्याला एकसारखा पस्तावाही होत होता.

बाहेर आले तेव्हा आकाशात थोडा उजेड होता, खाली नव्हता. "मी पुढे चालते," मुंगी म्हणाली. "धरू नका." तो चार पावले मागे राहिला. गाड्या आत येऊ नयेत म्हणून वाटेवर दोन खांबांमध्ये साखळी लावलेली होती, गुडघ्याच्या खाली. त्याला ती दिसली. तोंडातून शब्द फुटायच्या आत मुंगी तिच्यावरून कोसळली.

तो धावला. तिचे तळहात सोलवटले होते. तिने पदवीच्या, विषयाच्या, सगळ्याच्या आशेवर आता पाणी सोडले असेल, असे त्याला वाटले, आणि खरे सांगायचे तर त्या दुःखात सुटकेचा एक बारीकसा कणही त्याला जाणवला. त्याची त्याला लाज वाटली.

फाटकावरचा वॉचमन कंदिलाएवढी बॅटरी घेऊन आला. "लागलं का हो? साखळी दिसली नाही?"

चष्मेवाला नेहमीसारखे "अंधार होता" म्हणणार, तेवढ्यात मुंगी बोलली.

"नाही दिसली. मला बाजूचं आणि खालचं दिसत नाही. संध्याकाळी तर अजिबात नाही. डोळ्यांचा आजार आहे."

एवढे सलग, असे सरळ, तिने ते कधीच कोणाला सांगितले नव्हते. चष्मेवाला वॉचमनच्या तोंडाकडे बघत राहिला. आता तो "अरेरे" म्हणेल, एवढ्या तरुणपणी म्हणेल, वडील काय करतात विचारेल.

"मग या वाटेने येऊच नका," वॉचमन म्हणाला. "ग्रंथालयाच्या मागून सपाट रस्ता आहे, दिवेही आहेत. थोडा लांब पडतो. चला, दाखवतो." आणि तो चालू लागला.

त्या रस्त्याने फाटकापर्यंत ते आले. वॉचमन आपल्या स्टुलावर जाऊन बसला, पुन्हा त्यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. मुंगी बाहेरच्या कट्ट्यावर टेकली आणि हातावरची माती झाडू लागली.

"मी इथेच येते, बाबा."

"पडल्यावर?"

"पडल्यामुळेच. आपल्या गावात मी हे कोणाला सांगू शकते? चष्मेवाल्याची पोरगी आंधळी होतेय, हे तुमच्या दुकानात बसून लोक बोलतील. म्हणून मी घरातून दुकानापर्यंत जीव मुठीत धरून चालते, सगळं दिसतंय असं दाखवत."

"माझ्या दुकानाचं मी बघेन. माझ्यासाठी लपवलंस?"

"तुमच्यासाठी, आईसाठी, माझ्यासाठीसुद्धा. आत्याकडे गेले तरी तेच, तिथे आत्याची भाची. इथे मी कोणाचीच कोणी नाही. त्या माणसाला सांगितलं, त्याने रस्ता दाखवला, संपलं. उद्या सकाळी बाईंना सांगते. त्यांना नको असेन तर तेही उद्याच कळेल."

चष्मेवाल्याला बरेच बोलायचे होते. आपण गावात दुकानाच्या पाटीखाली उभे राहून सगळ्यांना सांगू, तू घरी राहा, असेही म्हणावेसे वाटले. पण मुलीला पाटीखाली उभे राहायचे नव्हते. तिला चालायचे होते.

"बाबा," मुंगी थोड्या वेळाने म्हणाली, "दुकानात पांढरी काठी ठेवता का हो तुम्ही?"

"नाही." त्याने आठवून पाहिले. "इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नाही."

"मला एक लागेल. कॉलेज सुरू व्हायच्या आत."

तो तिच्या उंचीचा अंदाज घेऊ लागला, खांद्यापर्यंत, मग छातीपर्यंत, आणि थांबला. "काठीचं माप कसं घेतात ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "विचारून घेतो."