निगेटिव्ह आली की साहेब फोन करतील

चंदाला हॉस्टेलच्या गेटातून आत घेत नव्हते, कारण ती डब्बीत लघवी द्यायला तयार नव्हती. एवढीच गोष्ट. पण आमच्या वर्गातल्या ओमेशनं निवेदनात ती अशी लिहिली, की वाचणाऱ्याला वाटावं पाण्याच्या टाकीची तक्रार आहे. ‘विद्यार्थिनींच्या सन्मानास बाधा आणणारी तपासणी.’ मी म्हटलं, सरळ लिही, पोरगी घरून आली की तिचं पोट तपासतात. तो म्हणाला, “आमदाराच्या ऑफिसात देऊन राहिलो नीतू, असं लिहिता येत नाही.”

करताना कोणाला लाज नाही. लिहिताना लाज.

आमच्या हॉस्टेलचा नियम असा. पोरगी एक रात्र जरी बाहेर राहिली, तरी आधी सरकारी दवाखान्यात जायचं, गरोदर नाही असा कागद आणायचा, मग गेट उघडतं. डब्बी ओढणीखाली धरून रांगेत उभं राहायचं. झाकण कधी नीट बसत नाही. आतली बाई नाव मोठ्यानं पुकारते आणि बाकावरचे सगळे मान वळवून बघतात. मी दिली. सगळ्याच देतात. चंदा आजोबाच्या तेरवीला नवेगाव बांधकडं तिच्या गावी गेली आणि परत येऊन म्हणाली, “माझा आजा मेला, अन् हे मले तपासून राहिले. नाही देत.”

तेव्हापासून ती ओमेशच्या आत्याकडं झोपत होती. काल आत्यानंही विचारलं, पोरी, खरंच काही नाही ना? आता तिथंही जाता येत नव्हतं. परीक्षा तोंडावर. गावी परत गेली तर बाप पहिला प्रश्न हाच करणार, हॉस्टेलनं काऊन काढलं?

म्हणून आम्ही तिघं इथं आलो होतो. राइस मिलच्या बाजूला आमदारांचं ऑफिस, दारावर हात जोडलेले साहेब. खरे साहेब मुंबईला. खुर्चीत त्यांचा पीए टेकचंदभाऊ, तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत. त्यानं निवेदन वाचलं आणि आवाज खाली आणला.

“हेच का ते पोरगी?”

“मीच,” चंदा म्हणाली. “हळू कायले बोलता? दवाखान्यात तं ओरडून बोलतेत.”

भिंतीला टेकून बसलेली दोन माणसं हसली. टेकचंदभाऊ नाही हसला.

“देखो बेटा, साहेब तुमच्याच बाजूनं आहेत. वार्डनले फोन लावतील. फक्त एक काम कर. एकदाची टेस्ट करून टाक. निगेटिव्ह आली की साहेब फोन करतील.”

“त्याच टेस्टच्या विरोधात आलो ना आमी,” मी म्हटलं.

“समजलं मले. पन उद्या भलतंच निंगालं, तं साहेबाचं नाव येते मंधात.”

मी ओमेशकडं बघितलं. निवेदन त्यानं लिहिलं होतं, बोलणारही तोच होता. तो चंदाला म्हणाला, “करून टाक ना एकडाव. निगेटिव्हच येते. मंग आपन लढू.”

“तुले कसं मालूम निगेटिव्ह येते म्हणून?”

ओमेशचे कान लाल झाले. चंदा टेकचंदभाऊकडं वळली.

“अन् नाही आली निगेटिव्ह, तं? मंग मी रस्त्यावर राहू का? मंग माझी परीक्षा नाही?”

“तसं नाही बेटा.”

“मंग कसं?”

खरा प्रश्न हाच होता, आणि आमच्या निवेदनात तो कुठंच नव्हता. टेकचंदभाऊचा अंगठा खर्ऱ्यावर थांबला. चंदानं पिशवी प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली. टॉवेल काढला, पुस्तकं काढली, चपला सोडल्या.

“मी आता इथंच राहातो. इथं कागद नाही ना लागत?”

“पागल झाली का? पोरगी रातभर ऑफिसात राहिली तं लोक का म्हनतील?”

“आमाले म्हनतेत तेच. आता साहेबाले म्हनतील.”

टेकचंदभाऊ मोबाईल काढत उठून बाहेर गेला. काचेतून त्याचे हलणारे हात दिसत होते. आत आला तेव्हा घाम पुसत होता.

“झालं. वार्डन घेते तुले आत, बिना कागदाची. जा. पन बाहेर बोलू नका, नाही तं सगळ्याच पोरी येऊन बसतील.”

ओमेशनं सुटकेचा श्वास टाकला. “चाल चंदा.”

चंदानं पुस्तक उघडलं. “साहेबाले म्हना, सगळ्यांसाठी लावा फोन.”

“अवो, तुझं झालं ना काम,” टेकचंदभाऊ म्हणाला.

“माझं झालं.” ती हलली नाही.

गेट सहाला बंद होतं आणि सहा वाजायला आले होते. बाहेर ऑटो उभा होता. निघाले असते तर पोचले असते. नाही पोचले तर सकाळी मलाही कागद लागणार. तीच रांग, तीच डब्बी. चंदा माझ्याकडं बघतही नव्हती. बघितलं असतं तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं.

“तू तं समजदार दिसतं,” टेकचंदभाऊ मला म्हणाला. “तू निंघ.”

मला त्याच्या तोंडावर काही फेकावंसं वाटलं. हातात फक्त मोबाईल होता. रूममेट डिंपलचा मेसेज आला, ‘गेट लावून राहिले, कुठं आहेस?’

मी चंदाच्या बाजूची खुर्ची ओढली आणि लिहिलं, ‘आमदाराच्या ऑफिसात. तू पन ये. सगळ्यांना घेऊन ये.’

टेकचंदभाऊनं शटर अर्धं खाली ओढलं, काय वाटलं कोणास ठाऊक, परत वर केलं. मोबाईलवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी दाराकडं बघत बसले.