फेरेओलच्या गोठ्यातला शांत सायकलमार्ग

दर बुधवारी बेकरी बंद असे, आणि दर बुधवारी लेओकादी सायकल काढून धरणाच्या जुन्या रस्त्याला लागे. डोंगरातून बोगदा झाल्यापासून मोटारवाले हा रस्ता विसरूनच गेले होते. डांबर अजून शाबूत होतं, वळणं ऐसपैस होती. वाटेत भेटलंच तर एखादं मार्मोट, म्हणजे डोंगरातली गलेलठ्ठ खार, भेटे, तेही शीळ घालून बिळात पळे. आठवडाभर काउंटरमागे उभं राहून "अजून काय देऊ?" असं विचारणाऱ्या बाईला एक दिवस कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं. चढावर ती मोकळ्या गळ्यानं गायची. गळा फाटका होता, पण ऐकायला होतं कोण?

मग गावचे मेयर क्लोव्हिस पेरिये यांच्या डोक्यात विकास शिरला.

"शांतता हे आपल्या फ्रेनेतचं सोनं आहे," ते बेकरीत येऊन म्हणाले. "जगाला दाखवायला हवं."

"जगाला बोलावल्यावर ती शांत कशी राहील?" लेओकादीनं विचारलं.

"ते पुढचं पुढे बघू. मला तो जवाचा पाव दे. करपलेला नको."

पंधरवड्यात फाट्यावर झोकदार पाटी उभी राहिली: 'शांत सायकलमार्ग. मोटारींना मज्जाव.' खाली उजवीकडे, घाटाकडे दाखवणारा बाण. पुढच्या बुधवारी रस्त्यावर ही गर्दी! पोपटी जर्सी, गुलाबी जर्सी, घंट्यांची किणकिण, "डावीकडून जातोय हं!" असा ओरडा. लेओकादी आपल्या नादात वरच्या पट्टीत गात होती. एका तरुणानं सायकल थांबवून काळजीनं विचारलं, "काकू, कुठे दुखतंय का?"

त्या संध्याकाळी गाव जेवायला बसल्यावर ती पाना घेऊन फाट्यावर गेली. पाटीवरचा बाण एकाच नटावर होता. तिनं नट सैल केला, बाण डावीकडे फिरवला आणि पुन्हा घट्ट आवळला.

"कुठे गेली होतीस?" नवऱ्यानं, आन्सेल्मनं विचारलं.

"हवा खायला."

"पाना घेऊन?"

"हवा घट्ट बसली होती."

आन्सेल्म पहाटे पीठ मळायला उठणारा माणूस. असल्या वेळी जास्त विचारू नये, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं.

आता डावीकडे काय होतं? डावीकडे होता तिचा दीर फेरेओल, त्याच्या तांबूस गायी आणि त्याचा शेणखड्डा. फेरेओलशी तिनं तीन वर्षं अबोला धरला होता. नाताळात तिनं हौसेनं पाठवलेला मनुकांचा पाव त्यानं डुकराला घातला होता, आणि वर भरबाजारात सांगितलं होतं, "डुकरानंही अर्धा ठेवला." तेव्हापासून समोर आलाच, तर ती त्याला 'अहो' म्हणायची. ज्याच्या लग्नात तिनं त्याच्या डोक्यावर सूप ओतलं होतं त्याला 'अहो'! यापेक्षा मोठा अपमान तिला सुचला नव्हता.

पुढच्या बुधवारी रस्ता पुन्हा तिचा एकटीचा झाला. वरच्या वळणावरून तिनं खाली पाहिलं. फेरेओलच्या अंगणात गायींच्या मधोमध पोपटी-गुलाबी ठिपके घोटाळत होते आणि फेरेओल गवत उचलायचा लांब काटा उगारून नाचत होता. ती इतकी हसली की सायकल धरून खालीच बसली.

त्याच्या पुढच्या बुधवारी पाहिलं, तर काटा दिसेना. अंगणात टेबल आलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी बाकं. मग एक दिवस खुद्द आन्सेल्म म्हणाला, "फेरेओलनं मोठी ऑर्डर दिलीय. टोपलीभर पाव."

"डुकरासाठी?"

"सायकलवाल्यांसाठी. डुक्कर हल्ली त्यांचं उरलेलं आम्लेट खातं म्हणे."

लेओकादीनं पाव टोपलीत आपटत भरले. त्यात बेकरीत आलेला एक बेल्जियन सायकलस्वार हातवारे करत सांगू लागला, "काय मार्ग आहे हो तुमचा! एकही मोटार नाही! गोठ्याच्या एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, कुरणाला वळसा घालून पुन्हा गोठ्यात. मी चार फेऱ्या मारल्या!"

"आणि घाट?"

"कुठला घाट?"

त्याच आठवड्यात बुधवारी मेयरसाहेब बातमीदार घेऊन मार्गाचं उद्घाटन करणार होते. लेओकादी मुद्दाम लवकर निघाली. रागानं पॅडल मारत, त्याहून रागानं गात ती पार वर पोचली, आणि चौथ्या कडव्याला सायकलची चेन तुटली. ती घरंगळत जाऊन गटारात पडली. म्हणजे चेनही आणि लेओकादीही. घोटा मुरगळला नव्हता, पण मुरगळल्यासारखा वाटत होता. तिनं हाका मारल्या. मार्मोटांनी शिट्ट्या मारल्या. माणूस औषधालाही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून वाटलं, एखादी मोटार यावी. खटारा चालेल.

बऱ्याच वेळानं खरंच खडखडाट ऐकू आला. वळणावरून फेरेओलचा ट्रॅक्टर आला.

"मेली नाहीस तर," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?"

"दर बुधवारी तुझं गाणं खाली कुरणापर्यंत येतं. आज मध्येच थांबलं. म्हटलं, वहिनी एक तर मेली, नाहीतर शब्द विसरली. शब्द तर तुला कधी आठवतच नाहीत, म्हणून आलो."

"गाढवा!" लेओकादी किंचाळली. "दर बुधवारी ऐकतोस?"

"गायी ऐकतात. मी कान झाकतो." त्यानं तिची सायकल मागच्या ट्रॉलीत टाकली. ट्रॉलीत आधी काय होतं, ते वासावरून कळत होतं. "चल, चढ. मेयर यायची वेळ झालीय. आणि बाण फिरवलास ते बरं केलंस."

लेओकादीचा पाय पायरीवरच थांबला.

"फाट्याकडच्या खिडकीत बसलो होतो ना मी. आधी नट उलटाच आवळत होतीस, दात-ओठ खाऊन. मला वाटलं पाटीच उपटतेस."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्या दिवशी बोलणारच होतो. पण मग ते लोक आले, गायींची नावं विचारू लागले." फेरेओलनं गिअर टाकला. "बायको गेल्यापासून माझ्या गायींची नावं कुणी विचारली नव्हती, लेओकादी."

लेओकादी चढून त्याच्या शेजारी बसली.

अंगणात पोचले, तर मेयरपदाचा तिरंगी पट्टा घातलेले पेरिये गोठ्याच्या दारात घोट्यापर्यंत शेणात उभे होते. बाण बघत बघत तेही इथेच आले होते.

"हाच का तो मार्ग?" बातमीदार बाईनं विचारलं.

मेयरनी एकवार गायींकडे पाहिलं, एकवार बुटांकडे. "अर्थात," ते म्हणाले. "मी स्वतः आखलाय." मग त्यांची नजर ट्रॅक्टरवर पडली. "फेरेओल! मोटारींना मज्जाव आहे इथे!"

"ही रुग्णवाहिका आहे," फेरेओल म्हणाला.

सगळे लेओकादीकडे बघू लागले. तिनं एक पाय उचलून कण्हायला सुरुवात केली. गर्दीतून एक गृहस्थ पुढे झाले. "मी डॉक्टर आहे," म्हणत त्यांनी तिचा घोटा दाबला, मग दुसरा दाबला, आणि मान हलवली. "घोड्याचा असता तर लगेच सांगितलं असतं. माणसांचं मला फारसं कळत नाही."

तेवढ्यात कर्नेल नावाच्या गायीनं दारात बांधलेली उद्घाटनाची फीत तोंडात घेतली आणि मेयर कात्री उघडेपर्यंत अर्धी गिळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. "आमच्याकडे उद्घाटन असंच करतात," मेयर म्हणाले.

गावानं मार्गाचा नकाशा छापला, त्यात गोठा आहे, घाट नाही. लेओकादी बुधवारी सकाळी घाट चढते आणि दुपारी फेरेओलकडे आम्लेटं उलटायला उभी राहते. गेल्या बुधवारी एक डॅनिश जोडपं दोन सीटच्या सायकलवर आलं आणि गोठ्याच्या दारात आडवं अडकलं. लेओकादीनं मागून ढकललं, फेरेओलनं पुढून ओढलं. "तुझ्या बाजूनं उचल!" "अगं तीच तुझी बाजू आहे!" असं बराच वेळ चाललं होतं. गायी थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग दुसऱ्या दारानं चरायला निघून गेल्या.