दुसरा पंप

निपाणीच्या शाळेत शिकवणारी सुला शनिवारची सकाळची शाळा आटोपून बेळगावला आली, तेव्हा तिचे आप्पा, तम्मण्णा, स्टँडवर छत्री घेऊन उभे होते. पाऊस भुरभुरत होता आणि छत्री मिटलेलीच होती.

"उघडा की ती," सुला म्हणाली.

"तुझ्यासाठी आणलिया. माझं डोस्कं काय साखरंचं हाय व्हय, इरघळायला?"

चौऱ्याऐंशी सालचा आषाढ चालला होता. बापलेक स्टँडवरून तसेच बाजाराकडे निघाले, कारण दुसरा पंप घ्यायचा आजच ठरलं होतं आणि सुला सोबत असल्याशिवाय तम्मण्णा दुकानाची पायरी चढणार नव्हते. म्हणायला पोरीच्या मताला मान. खरं तर दुकानदाराशी हुज्जत घालायला त्यांना साक्षीदार लागे.

बेळगावच्याच वडगावातल्या त्यांच्या घराला मागच्या अंगाला पाच पायऱ्या खाली हातमागाची खोली होती. तम्मण्णांच्या आजानं ती मुद्दाम जमिनीत खणून घेतलेली. रेशमाच्या ताण्याला गारवा लागतो. कोरडा वारा लागला की उभे धागे पटापट तुटतात. म्हणून खोली खाली, आणि रस्त्याच्या पातळीला असलेले दोन झरोके ताणा चढवलेला असेपर्यंत बंद. ही शिस्त त्या घरात देवपूजेसारखी पाळली जाई. पण आषाढ लागला की जमिनीला पाझर फुटायचा, आणि मागाखालच्या खड्ड्यात, जिथं विणकराचे पाय पावड्यांच्या पट्ट्यांवर चालतात तिथं, पाणी चढायला लागायचं. "ओल पायजे, पाणी नको. देवाला एवढं सादं कळंना झालंय," असं तम्मण्णा दरवर्षी म्हणत.

पाणी उपसायला विजेची मोटर होती. पण पाऊस लागला की पहिल्यांदा करंट जाई. गेल्या साली दीड दिवस करंट नव्हता. पाणी खड्डा भरून वर आलं, कापडाला भिडलं आणि जवळजवळ पुरी झालेली साडी रंग फुटून वाया गेली. तम्मण्णांनी ती कुणाला दाखवली नाही. घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

केदारींच्या पंपांच्या दुकानात शिरल्याबरोबर त्यांची नजर कोपऱ्यातल्या हातपंपावर गेली. भिंतीला पक्का करून दांडा मागं-पुढं हलवायचा, इतकंच त्याचं काम. त्यांनी दांडा दोनचार वेळा हलवून बघितला.

"ह्यो बरा. करंट नको, त्याल नको. हात हाय तवर पंप हाय."

"आणि छातीत कळ आली म्हंजे?" सुला म्हणाली. "डॉक्टरनं भरलेली बादली सुदीक उचलू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला काय जातंय सांगायला? त्यो कुठं खड्ड्यात बसतोय."

केदारी हसले. "आप्पा, बाईंचं ऐका. ह्ये इंजिन बघा. पेट्रोलवर सुरू करायचं, मग रॉकेलवर चालतंय. दोरी वडली की झालं, बसा विडा लावत."

त्यांनी ते हातभर इंजिन उचलून दुकानापुढं रस्त्यावर ठेवलं आणि दोरी ओढली. दोनदा खोकून ते सुरू झालं. निळसर धूर निघाला आणि वाऱ्यानं पलीकडे गेला. तम्मण्णा धोतराचा सोगा नाकाला लावून म्हणाले, "बिडीची सवं लागलीया गड्याला. निपाणीचं दिसतंय, सुले, तुझ्या गावचं."

"घरात कुठं ठेवणार?" केदारींनी विचारलं.

"बाहीर ठेवलं तर रातीत कोन तर उचलून न्हेईल. खालच्या पायरीवर ठेवतो. पाईप बी तेवढाच पुरतोय."

केदारींनी मान हलवली. ती नुसतीच हलली, कारण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

तम्मण्णा पुन्हा हातपंपापाशी गेले. सुलानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आप्पा, तुमची छाती महत्त्वाची का ह्यो दांडा?" पोरगी इतक्या मायेनं बोलते तेव्हा हरायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बांधा इंजिन," ते केदारींना म्हणाले. इंजिनाबरोबर आलेलं पातळ पुस्तक केदारींनी पुढं केलं, तेव्हा ते म्हणाले, "ते हिच्याकडं द्या. ही पोरास्नी इंग्लिश शिकवती. आता पंप बी इंग्लिश शिकलेला घेतला म्हना."

सुलानं पुस्तक पर्समध्ये टाकलं. "मराठीत उतरवून आणते पुढच्या खेपेला."

रविवारी सकाळी शेजारच्या गुंडूनं आणि तम्मण्णांनी अंगणात इंजिन चालवून बघितलं. दुपारी आई, बायाक्का, हिनं ज्वारीची भाकरी आणि मसुराची आमटी केली. आप्पा जेवून खाली गेले आणि मागाची खटखट सुरू झाली. गौरीच्या सणाची साडी होती, हिरव्या अंगाची. संध्याकाळी सुला निघाली तेव्हा तिनं वरूनच "जाते हो आप्पा" म्हणून हाक दिली, आणि खटखट न थांबवता खालून "व्हय" आलं. इतका तो साधा दिवस होता.

गुरुवारी तिसऱ्या तासाला हेडमास्तरांनी वर्गाच्या दारात येऊन तिला बाहेर बोलावलं. बेळगावहून फोन आला होता.

झालं ते असं. सकाळपासून करंट नव्हता. पाणी खड्ड्यात दोन विती चढलं. तम्मण्णांनी खालच्या पायरीवर इंजिन लावलं आणि कंदील घेऊन मागावर तुटलेले धागे सांधत बसले. वारं सुटलं होतं. झरोक्याची एक फळी उघडून आपटायला लागली, तसे ते खालून ओरडले, "अगं, ते झाकून घे, ताणा वाळतोय!" बायाक्कानं रस्त्याकडून जाऊन दोन्ही झरोके ओढून घेतले आणि वारा शिरू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या. मग ती भाकऱ्या थापायला बसली. तासाभरानं तिनं जिन्याच्या तोंडाशी येऊन जेवायला हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नसेल असं तिला वाटलं. वाकून बघितलं तर ते कापडावर कपाळ टेकून बसले होते. डोळा लागला असेल म्हणून तिनं आणखी थोडा वेळ झोपू दिलं.

गुंडू आला, त्यानं खाली उतरून इंजिन बंद केलं आणि तम्मण्णांना उचलून वर आणलं. त्यालाही दोन दिवस डोकं धरून बसावं लागलं. खड्डा मात्र कोरडा झाला होता. पंपानं काम चोख केलं होतं.

लोक बोलायचे ते बोलले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला यंत्रातलं काय कळतंय. कुणी केदारींना नावं ठेवली. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीतला इंजिनाचा धूर, त्याला वास असो नसो, माणूस बसल्या जागी जातो. बायाक्कानं एवढंच ऐकलं, बंद खोली.

त्या दिवसापासून तिनं घरातली एकही खिडकी लावली नाही. पाऊस आत आला, अंथरूण भिजलं, भिंतीला बुरशी धरली, थंडीत ती कुडकुडत बसली, पण खिडक्या उघड्याच. येईल त्याला ती एकच सांगे: "म्याच झाकलं गं झरोकं. वरनं चिंध्या बी कोंबल्या." बायका उसासे टाकत. सुला दर शनिवारी येई आणि प्रत्येक वेळी म्हणे, "आये, त्यात तुझा काय दोष?" हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते तिला इतक्या सहज म्हणता येई.

वर्ष सरलं. पुन्हा आषाढ आला. गुंडूनं विचारलं, "काकू, खालचा माग बंद पडून चाललाय. मी विणू का?" बायाक्का हो म्हणाली. मग सुलाला म्हणाली, "जा, दुसरा पंप घेऊन ये. त्यांना पायजे होता त्यो."

केदारी तिला बघून उठून उभे राहिले. जुनं इंजिन त्यांनी मागंच परत नेलं होतं. कोपऱ्यात तोच हातपंप होता, धूळ खात. "बाई, मी त्या दिवशी बोलायला पायजे होतं," ते खालच्या मानेनं म्हणाले. "गिऱ्हाईक आलं, आणि राहूनच गेलं. वरीसभर मनात हाय बघा."

सुलाला वाटलं, ह्या माणसाला सांगता आलं, दुकानात, उभ्या उभ्या. आपल्याला घरात आलं नाही. ती म्हणाली, "पंप बांधून द्या."

तिसऱ्या प्रहरी गुंडूनं पंप खालच्या भिंतीला पक्का केला. गेल्या आठवड्यात साचलेलं वीतभर पाणी खड्ड्यात होतं. त्यानं दांडा हलवायला सुरुवात केली. पाण्याचा पहिला घोट पाईपातून वर चढताना घशातून यावा तसा आवाज झाला. मग धार लागली.

"काकू, या की बघायला," गुंडू ओरडला.

बायाक्का वर्षभरात पहिल्यांदा जिन्याच्या तोंडाशी आली. तीन पायऱ्या उतरली आणि थांबली. तिथून मागही दिसत होता आणि झरोकेही. दोन्ही सताड उघडे होते, फळ्यांना तिनं स्वतः बाहेरून दगड लावलेले.

"ताणा वाळंल की रं," ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावला. "म्याच झाकलं रं गुंडू. मी मागं फिरून बघितलं असतं तर..."

"काकू, किती येळा तेच," गुंडू म्हणाला आणि दांडा सोडून पाणी बघायच्या निमित्तानं बाहेर गेला.

सुला आईच्या एक पायरी खाली उभी होती. गेलं वर्षभर तिची पर्स तीच होती. आतल्या कप्प्यातलं पातळ पुस्तक तिनं शाळेत, बसमध्ये, ह्या घरात, कुठंच बाहेर काढलं नव्हतं आणि टाकूनही दिलं नव्हतं. सवयीनं तिच्या तोंडावर "आये, त्यात तुझा" इतकं आलं. पुढचं आलं नाही. ती खालच्या पायरीवर बसली. इंजिन होतं त्याच पायरीवर. पर्स उघडून तिनं पुस्तक काढलं. पानं दमटली होती.

"आये, बस हितं."

"काय हाय ते?"

"इंजिनाचं पुस्तक. आप्पांनी माझ्याकडं दिलतं."

बायाक्का बसली. सुलानं पान काढलं आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून, वर्गात मुलांना सांगते तसं, सावकाश मराठीत सांगितलं.

"अकरावं कलम. हे इंजिन बंद खोलीत, तळघरात किंवा वारा खेळत नाही अशा जागी चालवू नये. धुरानं माणूस मरू शकतो."

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"हे मी त्या रविवारीच वाचलं, आये. बसमध्ये. आप्पा इंजिन पायरीवर ठेवणार, हे दुकानात माझ्यासमोर बोलले होते. झरोके बंद असत्यात, हे मला जल्मापासून ठाऊक. वाचून झालं तवा बस काकतीला थांबली होती. उतरले असते तर अर्ध्या तासात घरी आले असते. पाऊस होता. मला खिडकीची जागा मिळालेली. म्हटलं, सोमवारी कार्ड टाकू. सोमवारी म्हटलं, शनिवारी जाणारच हाय, तवा सांगू. मग दुसरं पुस्तक उघडून वाचत बसले."

तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. फक्त ओळीवरचं बोट तसंच राहिलं होतं.

"तू झरोकं झाकलंस ते तुला ठाऊक नव्हतं म्हणून. मला ठाऊक होतं, आये. चार दिवस मला ठाऊक होतं."