शांतता काढून टाका

नखाएवढं ते मेमरी कार्ड तिच्या बोटाच्या टोकाला चिकटून बसलं होतं – झटकलं तर काचेच्या भुशात पडेल आणि मग बसा शोधत... चष्म्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, काचा घासायच्या यंत्राशेजारी तिने ते हलकेच कॉम्प्युटरला लावलं. आईच्या जुन्या फोनमधलं एकुलतं एक रेकॉर्डिंग, आजारपणात दादासाठी बोललेलं. नव्या फोनवर ते वाजतच नव्हतं. फोन दुरुस्त करणारा म्हणाला होता, असल्या फाइली आता कोण विचारतो, इंटरनेटवर बदलून घ्या, फुकटात होतं.

तिने फाइल टाकली, एमपीथ्री निवडलं. खाली एका चौकोनात आधीच खूण होती – ‘मधली शांतता काढून टाका’ – ती वाचून तिने तशीच राहू दिली, कारण काउंटरवर एक आजोबा कपाळावर चष्मा चढवून चष्मा हरवल्याची तक्रार करत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्यांची समजूत घालून ती परत आली तोवर फाइल तयार होती. ऐकायचा धीर झाला नाही. तशीच दादाला पाठवून दिली.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला, परदेशातून.

“अगं, आई किती छान बोलतेय.” तो म्हणाला. “तू तर म्हणायचीस, एकेक शब्द जुळवावा लागतो तिला. केवढा धसका घेतला होता मी. उगाच घाबरवलंस बघ तेव्हा.”

“उगाच?”

“तसं नाही गं. बरं वाटलं, एवढंच. शेवटी शेवटी बरीच सावरली होती म्हणायची.”

तिने फोन ठेवला. मग कानाला हेडफोन लावून तिने ते ऐकलं. ‘गॅलरीतल्या झाडांना रोज पाणी घालू नका, मुळं कुजतात, तू जेवतोस ना वेळेवर, मी बरी आहे...’ आई एका दमात बोलत होती, अर्धांगाचा झटका येण्याआधी बोलायची तशी. खोटं. शब्द सगळे तिचेच, आणि तरी धडधडीत खोटं. ‘गॅलरीतल्या’ म्हणून ती थांबायची, तोंडाचा डावा कोपरा हलायचा, बोटं चादरीवर काहीतरी शोधत फिरायची... आणि ही शेजारी बसून वाट बघायची. शब्द माहीत असला तरी पुरवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ‘मी’ आणि ‘बरी’ यांच्या मध्ये दूध उतू गेलं असतं.

तिला संताप आला. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. तिने चौकोनातली खूण काढली, फाइल पुन्हा बदलून घेतली, दादाला लिहिलं – ‘ही ऐक. अशी बोलायची ती.’ फक्त पाठवायचं राहिलं होतं.

“ताई, त्या बाईंच्या काचा झाल्या का?” पडद्याआडून मालकांनी विचारलं.

“बसवतेच आहे.”

बसवता बसवता ती खरी फाइल ऐकू लागली. पंखा. लांबवर कुठेतरी भांडं पडलेलं. आईचा श्वास, आणि त्याच्या जरा मागे आणखी एक श्वास – तिचा स्वतःचा, धरून ठेवलेला. पुढचा शब्द येईपर्यंत तिने आत्ताही तो तसाच धरला. दादा काय करील? बोटाने सरकवून पुढे जाईल. फोन बिघडला असं वाटेल त्याला. बिचारा, त्याचा तरी काय दोष... पण हे सगळं ती स्वतःला समजावण्यापुरतं म्हणत होती, हे तिलाच कळत होतं. आईचे शब्द त्याने खुशाल घ्यावेत. दागिने, घर, काय हवं ते घ्यावं. ही थांबलेली आई मात्र त्याला द्यायला तिचा हात उठेना. तो आयुष्यभर म्हणत राहील की तू उगाच घाबरवलंस, आणि आपण ऐकून घेत राहू, एवढं समोर दिसत असूनही उठेना. याची लाज वाटायला हवी होती. ती काच फ्रेममध्ये दाबत राहिली आणि लाज वाटायची वाट बघत राहिली.